बटव्यातलं विष

तोक्योच्या एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई म्हणजे अर्धं आपलंच गाव. इथे तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो, आणि शेजाऱ्याशी मराठीत भांडताही येतं. आमच्या दोन खोल्यांत चार वर्षांपासून एक समुद्री टाकीसुद्धा आहे, ६० लिटरची. पुण्याहून मित्र विचारतात, नवशिक्याने कोणतं प्रवाळ घ्यावं? मी सांगायचो, 'झोअँथिड घे, मरता मरत नाहीत.' आता तसं सांगत नाही.

मुळात ही खरी प्रवाळं नव्हेत, कारण यांना चुन्याचा सांगाडा नसतो. रंगीत बटणांची चादर दगडावर पसरावी तसे दिसतात. रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर ओहोटीला यांचेच भाईबंद असतात. जपानीत यांना 'सुनागिंचाकु' म्हणतात. सुना म्हणजे वाळू आणि किंचाकु म्हणजे नाडीचा बटवा. बोट लागलं की आजीच्या बटव्यासारखं तोंड मिटतं! यांतला पॅलिथोआ वाळूचे कण खरोखर अंगात भरून घेतो, तर झोअँथस घेत नाही. तरीही झोअँथसचं नाव 'मामे-सुनागिंचाकु'. नावात वाळू, अंगात नाही.

ओळखायची खूण हीच: जाड, खरबरीत, बहुधा तपकिरी असेल तर पॅलिथोआ समजा. रंगावर मुळीच जाऊ नका. जेम्स राइमर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये डीएनए तपासून दाखवलं, की जपानातल्या झोअँथसच्या वेगळ्या मानलेल्या चार जाती प्रत्यक्षात एकच आहेत. दुकानदार मात्र प्रत्येक रंगाला सिनेमासारखं नाव देऊन दाम वाढवतो.

पॅलिथोआचं महत्त्व असं, की त्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. १९७१ मध्ये हवाईच्या शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप ते सताड उघडा करून टाकतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडाच अडकावा, तसं. प्रत्येक पॅलिथोआत ते असतंच असं नाही, पण डोळ्यांनी कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात तपकिरी बटणांनी माझा एक दगड व्यापला. तो उकळून साफ करावा म्हणून मी पाणी तापत ठेवलं. बायको ओरडली, "अरे, भाताचं पातेलं आहे ते!" जुनं भांडं शोधता शोधता जरा वाचन केलं, तर युरोप-अमेरिकेत असे दगड उकळल्याने वाफेतून अख्खी घरं इस्पितळात गेलेली. ताप, खोकला, श्वास लागणं. आमची लेक तीन वर्षांची. शेगडी बंद केली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. पीएच.डी. झालेला माणूस मी, आणि वाचवलं भाताच्या पातेल्याने.

दगड विकणाऱ्याने चिठ्ठीवर किंमत लिहिली होती, बाकी काही नाही. फुगू कापून साफ करायला इथे परवाना लागतो. मग या दगडावर 'पॅलिथोआ, उकळू नये' एवढी ओळ लिहिण्याची सक्ती का नसावी?

ज्यांना पाळायचेच आहेत त्यांनी खुशाल पाळावेत. २५ अंशांच्या आसपास पाणी, मध्यम प्रकाश, थोडा प्रवाह, बस्स. मात्र हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. खरवडणं नाही, गरम पाणी नाही, टोकदार ब्रश तर नाहीच. हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीला सुट्टी.

तो तपकिरी दगड अजून टाकीतच आहे. काढायला हात धजावत नाही. झाकणाला कुलूप लावलंय, किल्ली बायकोकडे.