पाहण्याची रीत

चित्रपट पाहण्यासाठी काय करावे लागते, असा प्रश्न कोणी विचारला तर ऐकणाऱ्याला हसू येईल. डोळे उघडे ठेवावेत आणि पाहावे. त्यात शिकण्यासारखे काय आहे? परंतु हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जेवण म्हणजे केवळ पोटात अन्न ढकलणे नव्हे. हात धुणे, पान मांडणे, सर्वांनी मिळून बसणे हाही जेवणाचाच भाग असतो. पाहण्याचेही तसेच आहे. त्याच्या आधी, त्याच्यासोबत आणि त्याच्यानंतर माणसे काही गोष्टी नेमाने करतात. या नेमांना आपण सवयी म्हणतो, रीत म्हणतो. ही रीत कशासाठी असते, आणि ती कोणती असावी, याचा विचार करण्यासारखा आहे.

हा विचार करण्यासाठी तंजावूरच्या राजवाड्याचा परिसर फार सोयीचा आहे. तमिळनाडूतील या शहरावर १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याचे राज्य होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी हे त्याचे संस्थापक. राजवाडा मात्र त्याहून जुना आहे. तो नायक राजांनी बांधावयास घेतला आणि मराठ्यांनी वाढवला. तेथील संगीत महाल हे दालन गायन आणि नृत्य यांसाठीच उभारलेले आहे. आवाज दूर बसलेल्या माणसापर्यंत नीट पोहोचावा, याची काळजी ते बांधणाऱ्यांनी घेतली होती. कलावंत कितीही मोठा असला तरी समोर बसणाऱ्याची सोय आणि तयारी झाल्यावाचून कला पुरी होत नाही, ही जाणीव त्या भिंतींत आहे.

व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केले. त्यांनी मराठी, तेलुगू आणि इतर भाषांत नाटके लिहिली. सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावुरात मराठी नाटक लिहिले जात होते. शहाजींचे ‘पंचभाषाविलास’ हे नाटक तर पाच भाषांत आहे. श्रीकृष्णाची अभिलाषा धरणाऱ्या निरनिराळ्या देशींच्या राजकन्या त्यात आपापल्या भाषेत बोलतात. ज्यांना एकमेकांची भाषा पुरती येत नाही अशी माणसे एकत्र बसून एकच खेळ पाहतील, हा विश्वास त्या लेखनामागे आहे.

हा विश्वास रीतीच्या बळावर उभा असतो. तंजावूरजवळच्या मेलट्टूर गावी नरसिंह जयंतीच्या सुमारास भागवत मेळ्याची नाटके होतात. नाटके तेलुगूत, प्रेक्षक बहुतांशी तमिळ आणि खेळ रात्रभर चालणारा. आरंभी कोणंगी हा विदूषक येतो, नंतर गणपतीचा मुखवटा घातलेला मुलगा नाचून जातो, आणि मग कथा सुरू होते. नरसिंहाचा मुखवटा घालणारा नट त्या दिवशी उपवास करतो. कोकणातील दशावतार पाहिलेल्या मराठी माणसाला यात अनोळखी असे काहीच वाटणार नाही; तेथेही आधी गणपती येतो आणि मगच आख्यान रंगते. या प्रारंभाचा उपयोग काय? दिवसभराची कामे, हिशेब, भांडणे यांत गुंतलेले मन त्या अवधीत मोकळे होते. गणपती नाचून जाईपर्यंत उशिरा येणारा येऊन बसतो, रडणारे मूल शांत होते आणि सर्वांचे डोळे एका जागी लागतात. कीर्तनातही हेच दिसते. मध्येच उठून जाऊ नये, आरती घेऊनच उठावे, हा संकेत महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे. मराठी कीर्तन तंजावुरात पोहोचले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर कृष्ण भागवतर यांनी त्यातील साकी, दिंडी, ओवी यांसारखे प्रकार तमिळ हरिकथेत रुजवले.

राजवाड्यातील कला पुढे पडद्यावरही आली. दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) आश्रयाला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू होते. आज भरतनाट्यम् या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नृत्याच्या कार्यक्रमाचा क्रम त्यांनी बांधला. याच परंपरेतील नर्तकी आणि नागस्वरम् वाजवणारा कलावंत यांची कथा १९६८ साली ‘तिल्लाना मोहनांबाळ’ या तमिळ चित्रपटात आली आणि पूर्वी दरबारातील निवडक लोकांपुढे होणारी कला तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाची झाली. त्यातील नायक शिवाजी गणेशन. ऐन तारुण्यात त्यांनी सी. एन. अण्णादुराई यांच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली. ती पाहून पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ हे नाव दिले, आणि तेच नाव पुढे कायम झाले.

चित्रपट आला तेव्हा तो स्वतःची रीत घेऊन आला नव्हता. १९०५ मध्ये तंजावूरपासून पन्नास-साठ किलोमीटरवरील तिरुचिरापल्ली येथे रेल्वेत नोकरी करणाऱ्या सामिकण्णू व्हिन्सेंट यांनी एका फ्रेंच गृहस्थाकडून चित्रपट दाखवण्याचे यंत्र विकत घेतले आणि गावोगाव तंबू ठोकून खेळ सुरू केले. १९१३ मध्ये मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. या नव्या खेळाला लोकांनी आपल्या जुन्या सवयी दिल्या. मूकपटाच्या काळात पडद्यावर अक्षरे उमटत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवी. कथा सांगणाऱ्या सूत्रधाराचेच हे नवे रूप होते.

तंबूतील चित्रपटाचा काळ महाराष्ट्रातील जत्रांनी पाहिला तसाच कावेरीकाठच्या गावांनीही पाहिला. तमिळनाडूत सायंकाळी कर्ण्यावर भक्तिगीत लागले की तिकीटविक्री सुरू होणार, असे समजावे. सर्वांत स्वस्त तिकीट वाळूवर बसण्याचे. पुढचा माणूस आड येऊ लागला तर वाळूचा उंचवटा करून त्यावर बसावे. यंत्र एकच असल्याने रीळ बदलताना खेळ थांबे, आणि तेवढ्यात मुरुक्कू, शेंगदाणे, सोडा विकणारे फिरून जात. बाहेर गाण्यांच्या पुस्तिका मिळत. आपल्याकडेही अशा पुस्तिका घरोघर असत. नुकतीच अक्षरओळख झालेल्या माणसाला त्यांतील ओळी सोप्या जात, कारण गाणे आधीच पाठ असे. ‘पराशक्ती’ (१९५२) या चित्रपटातील एम. करुणानिधी यांनी लिहिलेले संवाद तमिळ तरुण तोंडपाठ म्हणून दाखवीत. घरी परतताना वाटेवर कथेची चर्चा होई. नायक चुकला की बरोबर वागला, यावर वाद होत. ज्यांना तिकीट काढता आले नव्हते, त्यांना दुसऱ्या दिवशी सारी गोष्ट ऐकायला मिळे. अशा रीतीने एका तिकिटात चार घरे चित्रपट पाहत.

या सर्व सवयींमध्ये एक समान सूत्र आहे. त्या पाहणाऱ्याला पाहण्यासाठी तयार करतात, त्याला इतरांशी जोडतात आणि पाहिलेले मनात मुरू देतात. रीतीचे खरे काम हेच आहे.

परंतु रीत वाढत वाढत स्वतःच मोठी होऊन बसली तर काय होते, हेही पाहिले पाहिजे. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ प्रदर्शित झाला तेव्हा अनेक प्रेक्षक पायांतील वहाणा काढून आत बसत, पडद्यावर फुले आणि नाणी उधळीत. ती भाबडी श्रद्धा होती. तिने कोणाचे वाईट केले नाही. आवडत्या नटाच्या उंच प्रतिमेवर घागरी भरभरून दूध ओतणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. तमिळनाडूतील दूधविक्रेत्यांच्या संघटनेने या प्रकाराला जाहीरपणे विरोध केला आहे. ज्या राज्यात घरोघर पहाटे दूध पोहोचवणारा कष्टकरी आहे, तेथे ते दूध रस्त्यावर वाहून जाणे कोणत्याही कलेचा सन्मान नव्हे.

हानी दुधापुरती राहिली नाही. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईत एका चित्रपटाच्या पहिल्या खेळाच्या जल्लोषात चालत्या मालमोटारीवरून पडून एक तरुण दगावला. त्याच वर्षी तमिळनाडू शासनाने दुसऱ्या एका मोठ्या चित्रपटाच्या वेळी पहाटेच्या खेळाला परवानगी नाकारली आणि सकाळी नऊच्या आधी खेळ सुरू होऊ दिला नाही. ४ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादमध्ये ‘पुष्पा २’च्या खास खेळाच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन एका महिलेचा मृत्यू झाला, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. ही माणसे चित्रपट पाहण्यासाठी निघाली होती. गर्दीतल्या गोंगाटाला आपण उत्साह म्हणतो, पण ज्या उत्साहात शेजारच्या माणसाचा श्वास कोंडतो, त्याला रीत म्हणता येणार नाही. तेथे पाहणे संपलेले असते आणि केवळ मिरवणे उरलेले असते.

आज दुसऱ्या टोकाची सवय झपाट्याने पसरते आहे. चित्रपट मोबाइलवर आला आहे. तो बसगाडीत पाहिला जातो, स्वयंपाक करताना पाहिला जातो, अंथरुणात पडल्या पडल्या पाहिला जातो. कंटाळवाणा भाग बोटाने पुढे ढकलता येतो. संवाद दीडपट वेगाने ऐकता येतात. मध्येच निरोप येतो, त्याला उत्तर दिले जाते, आणि पुन्हा नायिकेच्या दुःखाकडे वळले जाते. येथे ना गणपती नाचून जातो, ना दिवे मालवले जातात. मनाला तयार होण्यास अवधीच मिळत नाही. दोन तासांत दहा वेळा तुटलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि जी आठवत नाही ती कोणाला सांगता येत नाही. एकाच घरात चार माणसे चार पडद्यांकडे पाहत बसतात. मग जेवताना बोलण्यासारखे एकही पात्र त्यांच्यामध्ये सामाईक उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, की जुन्या काळाचे हे उगाच कौतुक आहे. या आक्षेपात तथ्य आहे. तंबूत स्त्रिया आणि पुरुष यांच्या बाजू वेगळ्या असत, आणि रात्रीच्या खेळाला एकटीने जाण्याची मुभा फार थोड्या स्त्रियांना होती. वाळूवर कोणी बसावे आणि खुर्चीवर कोणी, हे पैसा ठरवीत असे. मोबाइलने यांतील कितीतरी अडचणी दूर केल्या. पाळीवर काम करणारा कामगार, अंथरुणाला खिळलेला वृद्ध, लहान मूल सोडून जाऊ न शकणारी आई हे सारे आता आपल्या वेळेनुसार चित्रपट पाहू शकतात. तंजावूर परिसरातील मराठी कुटुंबांचेच उदाहरण घ्यावे. ती घरात तमिळ शब्दांनी भरलेली आपली दक्षिणी मराठी बोलतात. त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण तमिळमधून झाले आहे. थिएटरमध्ये त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ चित्रपट पाहिले. पुण्या-मुंबईकडचा मराठी चित्रपट आज त्यांच्या हाताशी आला तो याच छोट्या पडद्यामुळे. तेव्हा यंत्राला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. पडदा मोठा असो वा लहान, त्याच्यासमोर बसणाऱ्याने कसे बसावे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर जुन्या रीतींमधून निवडून घ्यावे लागेल. सगळेच जतन करण्याची गरज नाही आणि सगळेच टाकून देणे शहाणपणाचे नाही. प्रत्येक सवयीला एक साधी कसोटी लावावी : ती पाहण्याला मदत करते, की पाहण्याच्या आड येते? वेळेवर येऊन बसणे मदत करते. आरंभापासून शेवटपर्यंत एकाच गोष्टीसोबत राहणे मदत करते. शेजाऱ्याला समजले नाही ते हळूच सांगणे, पाहून झाल्यावर बोलणे, न पाहिलेल्याला गोष्ट सांगणे, हे सारे मदत करते. दूध ओतणे, रेटारेटी करणे, पडद्यासमोर बसूनही निरोप वाचत राहणे हे आड येते.

यासाठी फार मोठा खटाटोप नको. आठवड्यातून एकदा घरातील सर्वांनी मिळून एक चित्रपट ठरवावा. मोबाइल असेल तर तो उभा करून ठेवावा आणि निरोपांचा आवाज बंद करावा. हातातली कामे आधी उरकावीत. मध्यंतर आपणच ठरवून घ्यावे आणि त्यात चहा करावा. चित्रपट संपल्यावर लगेच दुसरा लावू नये. थोडा वेळ त्याविषयी बोलावे. भाषा पुरती कळत नसेल तर खालची अक्षरे ज्याला वाचता येतात त्याने इतरांसाठी वाचावीत. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाने तर हे काम आपणहून मागून घ्यावे. ज्या घरात कालपर्यंत दुसऱ्याने वाचून दाखवले, त्याच घरात आज आपण वाचून दाखवणे, याहून मानाचे स्थान प्रेक्षकाला नाही.