कूलंटचा रंग काय विचारता, डब्यामागची अक्षरं वाचा

“एक लिटर हिरवं कूलंट द्या” असं स्पेअर पार्टच्या दुकानात म्हणणारा माणूस आणि “एक लिटर निळं औषध द्या, बागेवर मारायचंय” असं कृषी केंद्रात म्हणणारा माणूस, यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. दुसऱ्याला आपण वेड्यात काढू. घटक कोणता, प्रमाण किती, कशासोबत चालतं नि कशासोबत फाटतं, सगळं विचारू. आणि तोच आपला चौकस शेतकरी आठ-दहा लाखांच्या गाडीत काय ओततो? रंग बघून आणलेलं काहीतरी, आणि वरून बोअरचं पाणी.

कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा का हिरवा हे कायद्याने ठरलंय, त्यावरून विष किती जहाल ते कळतं. कूलंटच्या रंगाला तसा काही अर्थ नाही. मूळ द्रव बिनरंगी असतो. गळती दिसावी, कुणी पाणी समजून पिऊ नये, म्हणून रंग टाकतात, आणि कोणता टाकायचा ते बनवणारा ठरवतो. त्यामुळे दोन डब्यांतलं हिरवं आतून वेगळं असू शकतं, आणि एक लाल नि एक हिरवं आतून जवळपास सारखं. “जुन्या गाडीला हिरवं, नव्या गाडीला लाल” या गॅरेजच्या नियमावर गाडी सोडू नका.

आता पाण्याकडे या, कारण खरी वाट तिथंच लागते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. बंबाच्या आत पांढरा थर, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर, ड्रीपच्या ड्रिपरमध्ये तोच. पाणी तापलं की विरघळलेला बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन बसतो. इंजिनात काय वेगळं होणार? उलट तिथं थर आधी बसतो तो सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे हेडमध्ये आणि सिलिंडरभोवती. रेडिएटर बाहेरून चकाचक, आणि आत हेडने क्षाराची गोधडी पांघरलेली. उष्णतेला बाहेर यायला वाटच नाही. शिवाय वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, क्षार आतच राहतात. दर आठवड्याला तांब्याभर पाणी टाकणारा दर आठवड्याला चिमूटभर चुना टाकत असतो. आणि मुळात बंद सिस्टिममध्ये दर आठवड्याला पाणी कमी होतंय म्हणजे कुठंतरी गळतंय, हे त्याला कुणी सांगत नाही.

(कुणाच्या तरी डोक्यात आलंच असेल म्हणून लिहितो: ड्रीपला सोडतो तसं रेडिएटरला ॲसिड सोडू नका. ॲल्युमिनियम खाऊन टाकेल.)

आपल्या पेजवर कृषी सल्लागार बरेच आहेत. साहेब, कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० एकाच टाकीत कालवा, असं तुम्ही कधी सांगाल? कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की तळाला साका, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. मग ऐका. जपानी घराण्याच्या बऱ्याच गाड्यांच्या कूलंटमध्ये गंज रोखायला फॉस्फेट असतं. चांगलं काम करतं. पण कॉन्सन्ट्रेटचा डबा आणून त्यात बोअरचं पाणी घातलं की इंजिनात तोच साका. युरोपवाल्यांनी तिकडचं पाणी जड म्हणून फॉस्फेट टाळलं आणि सिलिकेट घेतलं. जपान्यांनी वॉटर पंपाच्या सीलची झीज नको म्हणून सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट घेतलं. दोघांचीही आपापली कारणं आहेत. आपण मात्र दोन्ही एकाच रेडिएटरमध्ये ओततो, “कूलंट ते कूलंट” म्हणून. लगेच इंजिन बसतं असं नाही, म्हणूनच तर सवय सुटत नाही. पण गंजरोधकं वेळेआधी संपतात, आणि काही जोड्यांत आत लगदा होतो.

“आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला?” हे तर पारावरचं आवडतं वाक्य. निफाडला थंडीत पारा पाचाच्या खाली जातो, तेवढ्यानं इंजिनचा ब्लॉक फुटत नाही, मान्य. पण आपल्याला कूलंट गोठू नये म्हणून लागतच नाही. ते लागतं उकळू नये आणि गंजू नये म्हणून. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, निम्मं ग्लायकोल असलेलं मिश्रण साधारण १०७-१०८ ला. रेडिएटर कॅपच्या दाबामुळे दोन्ही आकडे आणखी वर जातात, पण हा फरक राहतोच. कांदा भरलेली पिकअप मे महिन्यात घाट चढत असते तेव्हा तेच सात-आठ अंश कामाला येतात. म्हणून निव्वळ कॉन्सन्ट्रेट ठासून भरायचं असंही नाही. ग्लायकोलपेक्षा पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं तर इंजिन उलट जास्त तापेल. कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर. प्रीमिक्स असेल तर एक थेंबही पाणी नाही. वाटेत अडचण आली तर गावच्या आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण ते वेळ मारून नेण्यापुरतं.

कारचा उरलेला डबा ट्रॅक्टरला वापरू नका. अनेक ट्रॅक्टर-ट्रकच्या डिझेल इंजिनात लायनरला थेट पाणी लागून असतं. लायनर थरथरतो, त्याच्या अंगावर वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि त्या माऱ्याने लायनरला सुईएवढी भोकं पडत जातात. एक दिवस ऑईल दुधाच्या चहासारखं दिसतं. तेही नेमकं मृगात, वापसा आल्यावर! अशा इंजिनाच्या कूलंटमध्ये त्यासाठी वेगळी रसायनं असतात. डब्यावर कारसाठी एएसटीएम डी ३३०६ आणि जड डिझेल इंजिनासाठी डी ६२१० असे आकडे दिसतील. जपानी जेआयएस के २२३४, आपलं आयएस ५७५९. गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच डब्यावर शोधायचा. पुस्तक हरवलं असेल तर सर्व्हिस सेंटरला फोन करून आकडा विचारा, रंग नाही. बदलायचं कधी तेही पुस्तकातच. जुन्या पद्धतीचं दोनेक वर्षं टिकतं, ऑरगॅनिक ॲसिडवालं पाचेक.

खताच्या गोणीवर एनपीके छापलेलं नसेल तर आपण तमाशा करतो. मग कसलाही आकडा नसलेला, “सुपर कूल” एवढंच लिहिलेला स्वस्त डबा गपचूप का घेतो? द्राक्ष-उसावाल्यांकडे ब्रिक्सचं रिफ्रॅक्टोमीटर असतंच. त्यावर एक थेंब टाकून बघा. रंगवलेलं पाणी असेल तर रेष शून्यापाशी राहील, ग्लायकोल नीट असेल तर बरीच वर जाईल. त्यातून गंजरोधकाचं काही कळत नाही, ब्रिक्सचा आकडा म्हणजे ग्लायकोलचे टक्केही नव्हेत, पण नुसतं रंगीत पाणी तिथंच उघडं पडतं. नंतर काच स्वच्छ धुवा, हे विष आहे.

विष आहे म्हणूनच, काढलेलं जुनं कूलंट गोठ्यामागच्या नालीत ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्रं-वासरू चाटतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन जातं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर नाव लिहा, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि गॅरेजला नेऊन द्या. गॅरेजवाला त्याचं पुढं काय करतो, तेही त्याला तोंडावर विचारा.