हत्तीचे झालेले विशेषण

रविवारच्या पाठशाळेतून परतलेल्या माझ्या सात वर्षांच्या नातीने चप्पल काढता काढताच विचारले, "आजोबा, जंबूद्वीपातले सगळे हत्ती जंबो असतात का?" मी हसलो, परंतु उत्तर देताना अडखळलो. जंबूद्वीपाचे नाव जंबूवृक्षावरून, म्हणजे आपल्या जांभळाच्या झाडावरून पडले, एवढे तिला सांगता आले. त्याचा विस्तार एक लाख योजने, हे तिच्या गुरुजींनी आधीच घोकून घेतले होते. मात्र आमच्या स्वयंपाकघरातल्या बिस्किटांच्या पुड्यावर छापलेला 'जंबो' कुठून आला, हे सारी नोकरी इंग्रजी कागदांत घालवूनही मला ठाऊक नव्हते. शोध घेऊ लागलो तेव्हा ध्वनिसाम्यापलीकडे या दोन शब्दांचे काही नाते नाही, हे पहिल्याच दिवशी कळले. पुढे जे कळले ते नातीला कितपत सांगावे, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

जंबो हा शब्द मुळात मापाचा नव्हेच. लंडनच्या बोलीभाषेच्या 1823 च्या एका कोशात जंबो म्हणजे अंगाने थोराड, बोजड, बेंगरूळ माणूस असा अर्थ दिलेला आहे; म्हणजे ती चेष्टा होती. त्याच्या मुळाशी कोणी पश्चिम आफ्रिकेतील मुखवटाधारी सोंगाचे नाव पाहतात, तर कोणी स्वाहिली भाषेतील 'जुंबे' म्हणजे मुखिया हा शब्द. या चेष्टेच्या शब्दाला आज आपण जो अर्थ देतो, तो एका हत्तीमुळे मिळाला.

हा हत्ती पूर्व आफ्रिकेतला. शिकाऱ्यांनी आई मारली आणि पिल्लू पकडले. ते व्यापाऱ्यांच्या हातून पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि 1865 मध्ये एका गेंड्याच्या बदल्यात लंडनला आले. गंमत अशी की, ज्याच्या नावाचा पुढे सर्व जगात 'प्रचंड' असा अर्थ झाला, तो लंडनला उतरला तेव्हा खुरटलेला आणि आजारी होता. मॅथ्यू स्कॉट नावाच्या माहुताने त्याची शुश्रूषा केली, तो वाढला, आणि पुढची 16-17 वर्षे लंडनची मुले त्याच्या पाठीवर बसून फिरली. राणी व्हिक्टोरियाची मुलेही त्यांत होती.

1882 मध्ये प्राणिसंग्रहालयाने जंबोला अमेरिकन सर्कसवाल्या बार्नमला 2000 पौंडांना विकले. रात्री तो बिथरत असे आणि एखादे दिवशी काही अनर्थ होईल, अशी भीती चालकांना वाटत होती. बातमी फुटताच लंडन पेटले. सुमारे एक लाख शाळकरी मुलांनी राणीला पत्रे लिहिली, वर्तमानपत्रांनी निषेध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि विक्री कायम राहिली. निघायच्या वेळी जंबो रस्त्यातच बसला आणि उठेना, असे वर्णन आहे. अखेर माहुतासह त्याला जहाजावर चढवले गेले.

अमेरिकेत पोहोचल्यावर जंबो हा हत्ती कमी आणि जाहिरात अधिक झाला. बार्नमने त्याची उंची कोणाला मोजू दिली नाही. मोजली नाही म्हणून ती वाढवून सांगता येत होती. आम्हा बँकवाल्यांना ही युक्ती परिचयाची आहे. हळदीच्या पोत्यांवर कर्ज दिले की महिन्याचे साठापत्रक येते, आणि गोदामाची किल्ली नेमकी तपासणीच्या दिवशी सापडत नाही. जंबोच्या हाडांवरून अभ्यासकांनी पुढे काढलेली उंची साडेदहा फुटांच्या आसपास भरते. हत्ती मोठाच होता; पण जाहिरातीतला हत्ती त्याहून मोठा होता, आणि शब्दाला अर्थ मिळाला तो जाहिरातीतल्या हत्तीचा.

15 सप्टेंबर 1885 रोजी कॅनडातील सेंट थॉमस येथे मालगाडीची धडक बसून जंबो मेला. बार्नमने त्याचे कातडे भरून घेतले, सांगाडा जोडून घेतला, आणि एकाच हत्तीचे दोन हत्ती करून दाखवले. सांगाडा न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाकडे गेला; कातडे एका विद्यापीठात होते, ते 1975 च्या आगीत जळाले. उरले ते विशेषण. विड्या, शेंगदाणे, साबण, जे मोठे म्हणून विकायचे त्याला जंबो म्हणण्याची रीत पडली. मग मोठेपणाची चढाओढ लागली. अमेरिकेत डबाबंद ऑलिव्हच्या प्रतवारीत जंबोच्याही वर आणखी मोठ्या प्रती आहेत. म्हणजे तेथे जंबो सर्वांत मोठा राहिलेला नाही!

आपल्याकडे हा शब्द रूढ झाला तो प्रामुख्याने विमानामुळे असावा. एअर इंडियाचे पहिले बोइंग 747, 'सम्राट अशोक', 1971 मध्ये आले आणि 'जंबो जेट' हे शब्द खेड्यापाड्यांत गेले. त्याच विमानाला 1 जानेवारी 1978 च्या रात्री वांद्र्यापुढील समुद्रात जलसमाधी मिळाली. त्यात 213 जण गेले. पुढे अनिल कुंबळेला लोक जंबो म्हणू लागले ते उसळून वेगाने येणाऱ्या चेंडूवरून. तेथे अर्थ आकाराचा राहिला नाही, वेगाचा झाला. मुंबईत मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो तर पश्चिम रेल्वेचा जंबोब्लॉक, खोळंबा सारखाच. 2003 च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या 15 टक्क्यांवर आणली, म्हणजे आपल्याकडे 288 पैकी 43, तोवर 'जंबो मंत्रिमंडळ' हा वृत्तपत्रांचा लाडका शब्द होता. 2020 मध्ये पुण्यात 800 खाटांचे जंबो रुग्णालय उभे राहिले, तेव्हा या शब्दाने प्रथमच भीती वाटली.

बँकेत आम्ही मोठ्या ठेवीला थट्टेने जंबो म्हणत असू. कागदावरचा शब्द 'बल्क'. तोही मापाचाच आणि तोही स्थिर नाही. 2013 पर्यंत 15 लाखांची मुदत ठेव बल्क गणली जाई. त्या वर्षी ती मर्यादा 1 कोटी झाली, 2019 मध्ये 2 कोटी, 2024 मध्ये 3 कोटी. शब्द तोच, माप वीसपट. इस्लामपुरात ज्या ठेवीदाराला आम्ही उठून खुर्ची देत होतो, तो आज रांगेत उभा राहील.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण तो टाळता येत नाही. जुलै 2025 मध्ये शिरोळ तालुक्यातील नांदणी मठाची माधुरी, कागदोपत्री महादेवी, गुजरातेत जामनगरच्या वनतारा केंद्रात गेली, तो प्रसंग आपल्यापैकी कोणाच्या घरी बोलला गेला नाही? 16 जुलैला उच्च न्यायालयाचा आदेश झाला, 28 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि त्याच रात्री तिला निरोप देताना माणसे रडली. पाठोपाठ सह्यांची मोहीम झाली, नांदणी ते कोल्हापूर पदयात्रा निघाली. मीही सही केली. पंचकल्याणकाच्या मिरवणुकीत हत्ती पाहतच आम्ही वाढलो, आणि आपले कोणी घेऊन जात असेल तर सही करावी, यापलीकडे मी विचार केला नव्हता.

जंबोची हकिकत वाचल्यावर विचार करावा लागला. लंडनच्या त्या लाखभर मुलांचे प्रेम खोटे नव्हते. तरीही अलीकडे त्याच्या सांगाड्याची तपासणी झाली तेव्हा असे आढळले की, पंचविशीच्या आतल्या या हत्तीचे सांधे म्हाताऱ्या हत्तीसारखे झिजलेले होते, आणि योग्य चारा न मिळाल्याने दाढा वाकड्या वाढल्या होत्या. रात्री तो बिथरत होता तो कदाचित दाढदुखीने. मुले प्रेमाने पाठीवर बसत होती आणि हाडे झिजत होती. मुलांना ते दिसणे शक्य नव्हते, आणि ज्यांना दिसणे शक्य होते त्यांनी पाहिले नाही.

मी नांदणीला लंडन म्हणत नाही. माधुरीला कोणी विकले नाही, आणि मठातील माणसांनी तिला 1992 पासून सांभाळले. पाय आणि सांध्यांच्या तक्रारींबद्दल न्यायालयात जे मांडले गेले, त्यावर मठाची बाजूही होती. जामनगरचे वैभव पाहून मी दिपून गेलेलो नाही. तेथेही ती आपल्या मर्जीने गेलेली नाही. परंतु सही करताना मी तिच्या पायांविषयी एका शब्दानेही विचारले नव्हते, हे खरे. कर्जाच्या कागदावर अशी सही मी कधी केली नसती. अणुव्रतांच्या अतिचारांत पशूंना बांधणे आणि त्यांच्यावर अतिभार लादणे हे स्पष्ट सांगितलेले आहे. ते मी शाळकरी वयात पाठ केले होते. मिरवणुकीतल्या हत्तीकडे पाहताना मात्र ते एकदाही आठवले नाही. ती मोठी दिसत होती, सजलेली दिसत होती, आणि मोठ्या प्राण्याला काही दुखत असेल हे मनात येत नाही.

नातीला मी अर्धीच गोष्ट सांगितली. आजारी पिल्लू, त्याला बरे करणारा माहूत, पाठीवर बसणारी मुले, जहाज. आगगाडीपर्यंत गेलो नाही. ती बिस्किटांचा पुडा हातात फिरवत ऐकत होती. म्हणाली, "मग त्याचं घर कुठलं, आजोबा? लंडन का आफ्रिका?" तेवढ्यात आतून सौ.ने जेवायला हाक मारली. सूर्यास्ताला थोडाच वेळ उरला होता, मी उठलो.