फौजी आजोबांची नावं लिहून घ्या, याच हिवाळ्यात

धरणगावकर मंडळी, आणि पाळधी, साळवा, चांदसरचे भाऊबंद,

तुमच्या घरात, गल्लीत, मळ्यात एखादे फौजी आजोबा असतील, तर हे आवाहन तुम्हालाच आहे आणि घाईचं आहे. 1965 च्या लढाईत जो 20 वर्षांचा होता, त्याने आज ऐंशी ओलांडली. 1971 चे पोरसवदा जवानही सत्तरीपार गेले. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज 25 लाखांवर गेली होती. त्यातलं कुणी उरलं असेल तर शंभरीला टेकलेलं.

फौजेशी आपल्या गावाचं नातं जुनं. 1825 साली जेम्स औट्रमने खानदेश भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावात होतं. औट्रम पुढे ‘सर’ झाला. चाळीसगावहून कन्नडला चढताना आजही त्याच्या नावाचा घाट लागतो. आणि त्याचे ते भिल्ल शिपाई? त्यातल्या एकाचं तरी नाव कुणाला विचारून बघा. ती पलटण इंग्रजांची होती, तिचा अभिमान धरायचा की नाही हा वाद निराळा. पण साहेब उरला आणि शिपाई पुसला गेला, हे खरं. आता आपल्याच देशासाठी लढलेल्यांची नावं आपल्याच हातून पुसली जाताहेत.

26 जानेवारीची शाल आणि नारळ पुरे झाले. आजोबांना तासभर उन्हात बसवायचं, पुढाऱ्याचं भाषण ऐकवायचं आणि फोटो काढून घरी सोडायचं, याला सत्कार म्हणवत नाही. त्यापेक्षा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. “जाऊ दे ना भो, आता काय त्याचं,” असं पहिल्यांदा म्हणतीलच. दुसऱ्यांदा जा. मोबाइलवर आवाज टिपा. ‘किती मारले?’ हा प्रश्न मात्र चुकूनही नको. कुठल्या पलटणीत होता, भरती कुठे झाली, घरी पत्र किती दिवसांनी यायचं, थंडीत पायांत काय होतं, शेजारचा कोण परत आला नाही, हे विचारा. सगळेच गोळी झाडणारे नव्हते. कुणी ट्रक हाकला, कुणी तारा ओढल्या, कुणी लंगरात रोट्या भाजल्या. त्यांचीही नावं यादीत हवीत.

पेटीतली पदकं बाहेर काढा. समर सेवा स्टार, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, जे असेल ते. पदकाच्या कडेला किंवा मागे बहुधा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ते उतरवून घ्या, फोटो काढा. पितळ समजून मोडीत घातलेलं पदक परत मिळत नाही.

मग कागद. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ शोधा. आजींचं नाव आणि जन्मतारीख फौजेच्या नोंदीत आणि आधारवर एकसारखी आहे का, ते ताडून पाहा. एका अक्षराच्या फरकाने कुटुंब पेन्शन अडते, आणि तेव्हा सांगायला आजोबा नसतात. नोंद चुकीची असेल तर जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर झिजलेला अंगठा उमटत नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो दाखला निघतो. कॉलेजच्या पोरांनो, हे काम तुमचं.

7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्याच्या आत प्रत्येक गावाची यादी तयार करा: नाव, पलटण, भरतीचं साल, निवृत्तीचं साल. 16 डिसेंबरला, 1971 साली ढाक्यात पाकिस्तानच्या 93,000 जणांनी शरणागती पत्करली त्या दिवशी, ती यादी गावच्या शाळेत मोठ्याने वाचा. आजोबांना सावलीत खुर्ची द्या. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक वाचनालयात ठेवा.

आणि ज्या घरातले फौजी गेले, पण आजी आहेत, त्या घरी आधी जा.