पेटींतले वीर

गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत आम्हीं अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत, आमच्या भाच्याकडे, दोन महिने मुक्काम केला. त्या मुक्कामांतील एक घरगुती वाद आज या सदरांत वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें. वाद परदेशांतील एका छंदाविषयीं होता खरा. परंतु वस्तूचें मोल कशांत असतें हा त्यांतला प्रश्न आपल्या प्रत्येक घरांतला आहे.

भाचा संगणकाच्या व्यवसायांत आहे, वय बेचाळीस. घर नीटनेटकें आणि सुखी. परंतु त्या घराच्या तळघरांत पाऊल टाकतांच आम्ही क्षणभर थबकलों. चारी भिंतींस फडताळें, आणि त्यांत छतापर्यंत रचलेल्या पेट्या! प्रत्येक पेटीस पारदर्शक खिडकी, व खिडकीमागें एकेक वीर उभा: बॅटमॅन, सुपरमॅन, स्पायडरमॅन, आयर्न मॅन, वुल्व्हरिन. हे सारे चित्रपटांतील अद्भुत पराक्रमी पुरुष. त्यांच्या हातापायांचे सांधे हलणाऱ्या ज्या प्रतिमा विकल्या जातात, त्यांस तिकडे ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. तळघरांतील एकहि पेटी उघडलेली नव्हती.

आमची नात सहा वर्षांची. ती रोज सायंकाळीं खालीं येऊन त्या खिडक्यांना नाक लावून पाही. एके दिवशीं तिनें बापास विचारलें, “बाबा, हे बाहेर कधीं येणार?” भाचा म्हणाला, “तूं कॉलेजांत जाशील तेव्हां. हे विकून तुझी फी भरूं.” भाचेसूनबाईंस हें उत्तर नवें नव्हतें. त्या आम्हांस म्हणाल्या, “मामा, आतां तुम्हीच काय तें सांगा. बारा वर्षें मी हेंच ऐकतें आहे.” अशा रीतीनें निवाडा आमच्याकडे आला.

निवाडा देण्यापूर्वीं विषय समजून घेणें प्राप्त होतें. भाच्यानें तो आम्हांस मोठ्या उत्साहानें समजावून दिला. १९६४ सालीं हॅस्ब्रो कंपनीनें ‘जी. आय. जो’ नांवाचा सुमारें १२ इंच उंचीचा सैनिक बाजारांत आणला. मुलगे बाहुलीशीं खेळणार नाहींत या धास्तीनें त्यास बाहुला न म्हणतां ‘ॲक्शन फिगर’ हें नवें नांव देण्यांत आलें. १९७२ मध्यें मेगो कंपनीनें ८ इंची, कापडी पोषाखांतले वीर काढावयास आरंभ केला. पुढें चित्रपट आणि खेळणें यांची जोडी जमली. २००२ सालीं टॉय बिझ कंपनीनें ६ इंची प्रतिमांची ‘मार्व्हल लेजंड्स’ ही माला सुरू केली. २००७ पासून ती हॅस्ब्रोकडे आहे. २००० सालीं स्थापन झालेली हाँगकाँगची हॉट टॉईज ही कंपनी याहून मोठ्या, म्हणजे मनुष्याच्या एक षष्ठांश आकाराच्या, प्रतिमा करते. पहिल्या प्रकारची प्रतिमा साधारण पंचवीस डॉलरांस मिळते, तर दुसरीस तीनशें डॉलर आणि कधीं त्याहूनहि अधिक पडतात.

बाहुली कीं खेळणें हा वाद तर थेट न्यायालयांत गेला होता. अमेरिकेंत तेव्हां आयात बाहुल्यांवर शेंकडा १२ जकात असे, इतर खेळण्यांवर शेंकडा ६.८. मनुष्याची प्रतिमा ती बाहुली, असा कायद्याचा अर्थ. म्हणून टॉय बिझनें, आपले ‘एक्स-मेन’ हे मनुष्य नव्हेतच, असें प्रतिपादन केलें. आणि २००३ सालीं न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनीं त्या प्रतिमांची पाहणी करून तें मान्यहि केलें. गंमत अशी कीं, एक्स-मेनच्या कथांचें सारें सूत्रच मुळीं, आम्हांसहि माणसांत गणा, हें आहे! जकातीचे चार पैसे वांचविण्यासाठीं मालकानेंच आपल्या वीरांची माणुसकी सोडून दिली, हें पाहून भक्तमंडळी चांगलीच हळहळली.

एका शनिवारीं भाच्याचे तिघे मित्र आले. त्या दिवशीं आम्हीं या मंडळींचा वाद प्रत्यक्ष ऐकला. चहा दोनदां निवला तरी वाद निवला नाहीं. आपल्याकडे गवयाच्या गाण्यावर जितक्या बारकाईनें चर्चा होते, तितक्याच बारकाईनें येथें एका हनुवटीवर झाली. १९८९ सालच्या ‘बॅटमॅन’ चित्रपटाबरोबर निघालेल्या प्रतिमेचे म्हणे चेहरे निरनिराळे आहेत. एकाची हनुवटी चौकोनी, एकाची गोल. यांत अस्सल कोणता मानावा, आणि दुर्मिळ कोणता?

तरीहि या चर्चेंत परीक्षणाची एक पद्धति आहे, हें कबूल केलें पाहिजे. पहिली कसोटी चेहऱ्याची: नट ओळखूं येतो कीं नाहीं. पूर्वीं डोळे-भुंवया हातानें वा ठशानें रंगवीत, आणि रेघ केंसभर सरकली कीं वीर तिरळा दिसे; आतां छायाचित्रावरून बारीक ठिपक्यांनीं चेहरा छापतात. दुसरी कसोटी सांध्यांची: गुडघा पुरता वांकतो काय, एका पायावर प्रतिमा उभी राहते काय. परंतु सांधे वाढविले कीं अंगावर फटी दिसतात आणि घडणीचें सौंदर्य उणावतें. या दोहोंत मेळ घालण्यांतच कारागिराचें कसब. तिसरी कसोटी रंगाच्या सफाईची, आणि चौथी पोषाखाची व सोबतच्या हत्यारांची. या चारी गोष्टींवर ते चौघे जें बोलत होते तें डोळसपणाचें होतें. प्रतिमेकडे इतक्या प्रेमानें पाहणारा मनुष्य मूर्ख खासच नव्हे.

आमचा आक्षेप पुढें होता. घडणीविषयीं बोलतांना ही मंडळी रसिक होती. किंमतीविषयीं बोलूं लागतांच त्यांचे सावकार झाले. जी पेटी उघडलीच नाहीं, तिच्यांतील गुडघा किती वांकतो हें घरधन्यास कळावें कसें? बंद पेट्यांस शंभरांपैकीं गुण देणाऱ्या संस्थाहि तिकडे आहेत. त्या खोक्याचे कोपरे तपासून तें ॲक्रिलिकच्या दुसऱ्या पेटींत बंद करून पाठवितात. तेथें परीक्षा वीराची नव्हे, पुठ्ठ्याची.

भाच्याचें म्हणणें असें: जुन्या, न उघडलेल्या प्रतिमांस आज शेंकडों, कधीं हजारों डॉलर मिळतात, तशाच याहि चढतील. आम्हीं त्यास विचारलें, जुन्या इतक्या महाग कां? त्यानें सांगितलें, फार थोड्या उरल्या म्हणून. थोड्या कां उरल्या? तो थांबला. उत्तर उघड होतें. १९७२ सालच्या मुलांनीं त्या अंगणांत नेल्या, चिखलांत बुडविल्या, त्यांचे हात तोडले, आणि मोठे झाल्यावर त्यांच्या आयांनीं त्या टाकून दिल्या. मुलें खेळलीं म्हणून शिल्लक राहिलेल्या प्रतिमांस भाव आला. आज हजारों लोक एकच पेटी जपून ठेवीत आहेत. वीस वर्षांनीं त्या सर्व पेट्या जशाच्या तशा बाजारांत आल्या, तर दुर्मिळता येणार कोठून? १९९२ सालीं ‘सुपरमॅनचा मृत्यु’ हा चित्रकथेचा अंक काळ्या पिशवींत बंद करून विकला गेला. लक्षावधि लोकांनीं तो न उघडतां ठेवला. सर्वांनींच ठेवल्यामुळें पुढें त्यांतून कोणाचें नशीब उघडलें नाहीं.

याचें एक उदाहरण आपल्या शेजारचेंहि आहे. ज्या फनस्कूल कंपनीचा कारखाना गोव्यांत आहे, तिनें हॅस्ब्रोच्या परवान्यानें ‘जी. आय. जो’चे सैनिक काढले. त्यांची रंगसंगति कांहीं वेळां मूळ अमेरिकन प्रतिमांहून अगदींच निराळी, कधीं भडकहि असे. आपल्याकडील मुलांनीं ते खेळून मोडले. आज अमेरिकेंतील हौशी लोक तेच सैनिक शोधीत असतात. ते निघाले तेव्हां त्यांस ठेव समजून कोणीं कपाटांत कोंडलें नव्हतें.

यावर आम्हीं भाच्यास एवढेंच सुचविलें कीं, कोणत्याहि दहा पेट्या घे, आणि विकणारे किती मागतात तें न पाहतां, प्रत्यक्ष विक्री कितीस झाली तें पाहा. त्यानें रात्रीं बसून हिशेब केला. दोन पेट्यांस खरेदीहून बराच अधिक भाव होता. तिहींत मुद्दल निघत होतें. उरलेल्या पांचांत टपालखर्च व विक्रीची दलाली वजा जातां नुकसान होतें. कारण त्याच वीराची सुधारलेली आवृत्ति मागाहून निघाली होती, आणि नवी निघाली कीं जुनीस कोण विचारतो? भाचा प्रामाणिक आहे. त्यानें तो कागद पत्नीपुढेंहि ठेवला.

परंतु खरा निवाडा आमच्या हातून झालाच नाहीं. तो काळानें केला. ज्या दोन पेट्यांस भाव होता, त्यांतील एकीचें झांकण भाच्यानें खात्री करून घेण्यासाठीं अलगद उघडलें. आंतील वीराचा कृत्रिम चामड्याचा पोषाख कोपरांपाशीं व गुडघ्यांपाशीं भेगाळून पापुद्रे सुटले होते. कोणींहि हात लावलेला नसतां! करणाऱ्या कंपनीचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं, कारण दोष बव्हंशीं द्रव्यांचा आहे. मऊ प्लॅस्टिकमध्यें तें लवचीक राहावें म्हणून मिसळलेलें द्रव्य वर्षांगणिक बाहेर झिरपतें आणि अंग चिकट होतें; कृत्रिम चामडें हवेंतील दमटपणानें विरतें; पारदर्शक खिडकी उजेडानें पिंवळी पडते. पेटी बंद केली म्हणजे काळ बाहेर राहतो, असें नाहीं. भाचा बराच वेळ ती पेटी मांडीवर घेऊन बसला होता. त्यास हानि पैशांची वाटत नव्हती. “मामा,” तो म्हणाला, “दहा वर्षें घरांत आहे, आणि मी याला एकदांहि हातांत घेतलें नाहीं.”

त्या वेळीं आम्हांस आमच्या पुण्याच्या घरांतील माळ्यावरची पत्र्याची पेटी आठवली. तींत दिवाळींतल्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आहेत. वर्तमानपत्रांत गुंडाळलेले, कोणाचें नाक उडालेलें, कोणाची तलवार गेलेली. याच भाच्यानें लहानपणीं सुटींत येऊन त्यांतील एका मावळ्याचा हात मोडला होता आणि खळीनें चिकटविला होता. त्या मावळ्यास बाजारांत कोणी पैसाहि देणार नाहीं. तरी दर वर्षीं बुरुजावर पहिला तोच उभा राहतो. भाच्यास ही गोष्ट सांगितली, तेव्हां कोणता हात मोडला होता हें त्यानें आम्हांस सांगितलें.

आमच्या वाचकांपैकींहि कित्येकांचीं मुलें हा छंद आतां करूं लागलीं आहेत. येथें तो अधिकच महाग. कारण खेळण्यांवरील आयातजकात २०२० सालीं शेंकडा २० वरून ६०, व २०२३ सालीं ७० करण्यांत आली होती. अशा मुलांस आम्ही रागावूं नये असेंच सांगूं. मात्र तीन गोष्टी त्यांस अवश्य सांगाव्या. जी प्रतिमा पाहून आनंद होतो तीच घ्यावी. घेतली कीं पेटी उघडावी, आणि ती उन्हापासून व दमटपणापासून दूर, हातीं लागेल अशा जागीं ठेवावी. सांधा घट्ट असेल तर जोर न करतां कोमट पाण्यांत बुडवून मऊ करावा. आणि तिच्यावर मुलांच्या शिक्षणाची भिस्त मुळींच ठेवूं नये. त्यासाठीं पेढी आहे.

आम्ही परत निघालों तेव्हां वाद पुरता मिटला नव्हता. बारा पेट्या भाच्यानें अजून बंदच ठेवल्या आहेत, आणि भाचेसूनबाईंस त्या बाराहि जास्तच वाटतात. परंतु उरलेले वीर फडताळांत मोकळे उभे आहेत. नातीस खालचे दोन खण दिले आहेत. गेल्या महिन्यांत तिचें पत्र आलें: स्पायडरमॅनचें मनगट निखळलें, बाबा मुळींच रागावले नाहींत, आणि आजोबा, खळ कशी करतात तें लिहून पाठवा.