तिची सुखसाता कोण विचारणार?



आज जरा कडू लिहिते आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

पर्युषणात कोणी अठ्ठाई केली की आपण तिच्या घरी सुखसाता विचारायला जातो. सांजी होते, वरघोडा निघतो. व्हायलाच हवं. पण आमच्या गल्लीतली एक सून चार वर्षं सलग झोपलेली नाही. तिच्या सात वर्षांच्या मुलाच्या गळ्यात श्वासाची नळी आहे, रात्री व्हेंटिलेटर लागतो. नळीत कफ अडकला तर लगेच सक्शन करावं लागतं. म्हणून नवरा-बायको पाळीपाळीने जागतात. लाइट गेली की एकाचं लक्ष इन्व्हर्टरकडे, दुसऱ्याचा हात अंबू बॅगवर.

तिच्याकडे मी गेले होते. काय बोलले? "पूर्वकर्म असतात गं बाई, समतेने सोसायचं." तिने चहा दिला, मी पिऊन आले. आज त्याची लाज वाटते.

कर्मसिद्धांत मी मानते. पण बी.कॉम. झालेली आहे, हिशेब मलाही कळतो. दुसऱ्याच्या खात्यावर बाकी किती, हे सांगणारे आपण कोण? आपल्या हातात फक्त आपलं खातं. आपल्याकडे सहा बाह्य तपं आणि सहा आभ्यंतर तपं सांगितली आहेत. उपवास बाह्य तपात येतो, वैयावच्च आभ्यंतर तपात. मग बँड फक्त उपवासालाच का? दहा प्राणांत श्वासोच्छ्वास हा एक प्राण. जी आई तो रात्रभर राखते, ती तपस्वी नाही का?

"आम्ही पैसे देतो ना," असं कोणी म्हणेल. द्या, इन्व्हर्टरची बॅटरी काही फुकट येत नाही. पण पैशाने जागणारे हात येत नाहीत. 2020 मध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी नंदुरबारात ऑक्सिजन प्लांटची तयारी केली. 2021 च्या दुसऱ्या लाटेत सगळ्या देशाने आपल्या जिल्ह्याचं नाव घेतलं. आपणही अभिमानाने मेसेज पुढे पाठवले. लाट ओसरली, आपण विसरलो. या घरातली लाट मात्र ओसरलेली नाही.

संवत्सरीला मी तिच्याकडे मिच्छामि दुक्कडं म्हणायला गेले. ती म्हणाली, "काकी, क्षमा कसली? दोन तास बसाल का? झोपायचंय." आणि मला बसता आलं नाही. मला सक्शन येत नव्हतं.

आता शिकते आहे, तिच्या डॉक्टरांना विचारून, तिच्याच देखरेखीखाली. हात थरथरतात. पण तिचेही थरथरत असतील की! तिला कुणी विचारलं होतं का, जमेल का म्हणून?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. त्यासाठी चौकशी करणं, कागद जमवणं, अर्ज लिहिणं हे माझ्याकडे लागलं. पण दुपारी बसायला आणखी दोघी हव्यात, आठवड्यातून तीन तास. आधी शिकायचं, मगच एकटीने बसायचं.

ज्यांना जमणार नाही त्यांनी डबा द्या, तिच्या मोठ्या मुलीचा अभ्यास घ्या. तेही नाही जमलं तर निदान तिच्यासमोर कर्माचं नाव काढू नका.

रविवारी प्रवचनानंतर मी स्थानकात थांबते आहे. या.