गोचीड काढताना शील मोडते का?



उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात आपल्या वस्त्यांत एक दृश्य हमखास दिसते. आई दारात बसलेली, मांडीवर मांजर, आणि ती त्याच्या कानामागच्या गोचिडी बोटांनी उपटते आहे. शेजारचे पोर त्या गोचिडी नखाने चिरडते आणि रक्त उडाले की हसते. कुणी गोचिडीवर रॉकेलचा बोळा ठेवतो, कुणी काडी पेटवून विझवतो आणि तिचे गरम टोक टेकवतो. त्याच घरातले एखादे वडीलधारे माणूस मात्र म्हणते, "सकाळी पंचशील म्हणता आणि आता जीव मारता? राहू द्या, आपोआप गळून पडतील."

आमचे मत स्पष्ट आहे. चिरडणे चूक आहे, आणि राहू देणेही चूक आहे.

आधी शीलाचे पाहू. पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे, हे खरेच. पण ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ उलगडून सांगितला आहे. गरजेपोटी मारणे वेगळे आणि मारण्याची इच्छा म्हणून मारणे वेगळे, हा भेद त्यांनी केला. बुद्धांची अहिंसा हे विचार करून पाळायचे तत्त्व आहे, डोळे मिटून पाळायचा नियम नाही. दीक्षाभूमीवर घेतलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याबरोबर त्यांचे लालनपालन करण्याचीही प्रतिज्ञा आहे. मांजराचे रक्त शोषले जात असताना, मुलाबाळांना तापाचा धोका असताना हात बांधून बसणे हे लालनपालन नव्हे. आणि मजा म्हणून गोचीड नखाने फोडणाऱ्या पोराला थांबवणे, हे शीलही आहे आणि आरोग्यही.

आरोग्य कसे, ते सांगतो. गोचिडीच्या पोटातल्या रक्तात रोगाचे जंतू असू शकतात. ती चिरडली की ते बोटाला लागतात, आणि बोटावर बारीकशी जखम असेल किंवा तेच बोट डोळ्याला लागले तर शरीरात शिरतात. रॉकेल, तेल, गरम काडी, चुना यांनीही गोचीड शहाण्यासारखी सुटून येत नाही. उलट ती बिथरते आणि आपली लाळ व पोटातला ऐवज जखमेत सोडण्याची भीती वाढते. शिवाय रॉकेलने मांजराची कातडी भाजते, आणि अंग चाटून साफ करण्याच्या सवयीमुळे ते त्याच्या पोटातही जाते.

मग काढायची कशी? लागतो फक्त एक चिमटा. भुवया कोरायला वापरतात तसला, बारीक टोकाचा. हातात मोजे घाला. नसतील तर दुधाची रिकामी पिशवी धुऊन हातावर चढवा. एकाने मांजर चादरीत सैलसर गुंडाळून धरावे, दुसऱ्याने गोचीड काढावी. मांजर आपले अंग स्वतः चाटते, म्हणून गोचिडी बहुधा त्याची जीभ पोचत नाही तिथे सापडतात: कान, डोके, मान, हनुवटीखाली. काखेत आणि पायाच्या बोटांमध्येही बघा. केस बाजूला सारा. फुगलेल्या पोटाला धरू नका. चिमट्याचे टोक अगदी कातडीला टेकवून गोचिडीला तोंडाजवळ पकडा. झटका न देता, न पिळता, सरळ वर, सावकाश ओढा. काही क्षण लागतील, पण ती सुटते. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर सुईने उकरू नका. शरीर तो बहुधा स्वतःच बाहेर टाकते. सूज किंवा पू दिसला तर पशुवैद्यांना दाखवा. काढलेली गोचीड झाकणाच्या बाटलीत, स्पिरिटमध्ये बुडवा. जखम साबणाच्या पाण्याने पुसा, आपले हात आणि चिमटा धुवा. बाटलीवर तारीख लिहून ठेवा, पुढे डॉक्टरांना दाखवता येईल.

आता सर्वांत महत्त्वाचे. गोचिडीमुळे मांजर दगावण्यापेक्षा गोचिडीच्या औषधाने दगावण्याची भीती आम्हाला जास्त वाटते. गाई-म्हशींसाठी किंवा कुत्र्यांसाठी आणलेले औषध "थोडेसेच" म्हणून मांजराला लावले जाते. त्यात परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असते. परमेथ्रिनसारखे विष निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. जे कुत्र्याला सोसते, ते मांजराला मारते. औषध लावल्यावर मांजराच्या तोंडाला लाळ सुटली, अंग थरथरू लागले, झटके आले, तर ताबडतोब कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने अंग धुवा, कोरडे करून उबेत ठेवा आणि तसेच दवाखान्यात न्या. झटके चालू असतील तर धुण्यात वेळ न घालवता आधी दवाखाना गाठा. औषधाची बाटली सोबत घ्या. मांजरांसाठी वेगळे थेंब मिळतात, पण वजन आणि वय सांगून पशुवैद्यांनाच विचारा. बाटलीवरची अक्षरे बारीक आणि इंग्रजीत असतात. आपल्या शिकणाऱ्या मुलामुलींकडून ती वाचून घ्या. फिनेलच्या पाण्याने मांजराला आंघोळ घालणेही बंद करा. तेही त्याला विषच आहे.

माणसांचेही ऐका. गोचीड चावल्यावर किंवा हाताने काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, डोके ठणकले, अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर लाल पुरळ उठले किंवा चावल्या जागी काळी खपली धरली, तर साधा ताप समजून गोळी घेत बसू नका. गोचिडींमधून पसरणारा टायफस नावाचा ताप आपल्या देशात आहे. वेळेत ओळखला तर त्यावर औषध आहे. पण आपल्या घरात गोचिडी आहेत हे आपण सांगितले नाही, तर डॉक्टरांना ते कळणार कसे?

एक गोष्ट राहिली. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरातही वाढते. रक्त पिऊन मादी गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. आपल्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून. एका घराने फटी बुजवल्या, गोधड्या उन्हात टाकल्या आणि शेजारच्याने काहीच केले नाही, तर महिन्याभरात पुन्हा तेच. म्हणून हे काम गल्लीने मिळून करायचे आहे. फवारणी करायची असेल तर मांजर दूर ठेवा आणि जमीन पूर्ण वाळल्यावरच आत घ्या.

डासांच्या फवारणीसाठी आपण अर्ज करतो, मोर्चे काढतो. जनावरांच्या डॉक्टरांना महिन्यातून एकदा वस्तीत पाठवा, ही मागणीही करायला हवी. वस्तीतले मांजर उंदीर मारून आपले धान्य राखते, आणि उंदरांमुळे होणाऱ्या लेप्टोसारख्या आजारांचा धोकाही काही प्रमाणात कमी करते. ते आडवे गेले म्हणून थांबणारे आपण नाही. पण ते आजारी पडले तर थांबून पाहणारे तरी असू या.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात एवढी चर्चा जरूर करा. आणि घरी जाताना दुकानातून एक बारीक चिमटा घ्या.